आईबाबांना घेऊन सांसूसीची बाग : वरून खाली, एकाच दिशेने

श्प्रेकाठची

"आईबाबा बर्लिनला आलेत, एक दिवस पॉट्सडामला न्यायचंय, सांसूसीला किती चालावं लागतं, त्यांना झेपेल का" हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत सात-आठ जणांनी तरी विचारलाय. दर वेळी फोनवर तेच सांगते आणि काहीतरी राहून जातं, म्हणून म्हटलं एकदाच नीट धागा काढून ठेवावा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या आईबाबांना घेऊन जाऊन आले, सगळं अजून ताजं आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांसूसी म्हणजे बर्लिनशेजारच्या पॉट्सडाम गावातला, प्रशियाचा (आजच्या जर्मनीतलं जुनं राज्य) राजा दुसरा फ्रेडरिक, ज्याला फ्रेडरिक द ग्रेट म्हणतात, त्याचा उन्हाळी महाल. १७४५ ते १७४७ मध्ये बांधला. फ्रेंचमध्ये सांसूसी म्हणजे निश्चिंत, काही चिंता नसलेला. महाल एकमजली आणि छोटासाच आहे, पण त्याच्या भोवतीची बाग जवळपास तीनशे हेक्टर आहे आणि पुढच्या राजांनी त्यात आपापले महाल, देवळं, मंडप वाढवत नेले. १९९० पासून जागतिक वारसा यादीत आहे. बागेत फिरायला तिकीट नाही, दारावर ऐच्छिक देणगीची पेटी असते, त्यात जमेल तेवढं जरूर टाका कारण एवढी झाडं आणि एवढे पुतळे सांभाळणं सोपं काम नाही.

आता मुद्दा. ही बाग म्हाताऱ्या माणसांना अवघड जाते ती अंतरामुळे नाही, चढामुळे. आणि चढ टाळता येतो! बहुतेक लोक गावाच्या बाजूने आत शिरतात, ओबेलिस्ककडून (उंच दगडी स्तंभ) सरळ रस्त्याने मोठ्या कारंज्यापाशी येतात, मान वर करतात आणि समोर १३२ पायऱ्या. २०१९ ला मी सासूबाईंना असंच नेलं होतं. दुसऱ्या टप्प्यावर त्या बसल्या ते बसल्याच, महाल खालूनच बघितला आणि परत फिरलो. मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून या वेळी उलटं केलं. पॉट्सडाम मुख्य स्टेशनवरून ६९५ नंबरची बस पकडायची, ती गावातून फिरून वरच्या अंगाला येते, पवनचक्कीपाशी श्लोस सांसूसी नावाच्या थांब्यावर उतरायचं. इथून महालाचं अंगण चार-पाच मिनिटांवर आहे. तुम्ही आधीच डोंगराच्या माथ्यावर आलेले असता! इथून पुढे सगळा उतार आणि मग सपाट. शेवट दुसऱ्या टोकाला नॉयेस पाले नावाच्या दुसऱ्या महालापाशी, तिथून तीच ६९५ परत स्टेशनला येते. उलट फिरून यायचं नाही, गोल करायचा नाही, वरून खाली आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे. वळणं धरून तीन-साडेतीन किलोमीटर होतं. आम्ही बसत, डबा खात, गप्पा मारत चार तास घेतले.

महालाच्या पुढच्या बाजूला गेलात की आधी डावीकडे, म्हणजे पूर्वेच्या कोपऱ्यात, राजाची समाधी बघा. जमिनीत एक साधी फरशी, त्यावर फक्त नाव. शेजारी त्याच्या लाडक्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या फरश्या. त्याने जिवंतपणीच सांगून ठेवलं होतं की मला माझ्या कुत्र्यांशेजारी इथेच पुरा. १७८६ ला तो याच महालात खुर्चीत बसल्या बसल्या गेला, पण पुतण्याने ऐकलं नाही आणि गावातल्या चर्चमध्ये बापाशेजारी ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात शवपेटी हलवली, मग कुठे कुठे फिरली, आणि शेवटी १७ ऑगस्ट १९९१ ला, त्याच्या २०५ व्या पुण्यतिथीला, त्याला इथे आणलं. फरशीवर लोक बटाटे ठेवून जातात. आम्ही गेलो तेव्हा नऊ-दहा होते, एकावर कुणीतरी पेनने नाव लिहिलेलं. आई म्हणाली, "नैवेद्य दाखवलाय का गं?" मी म्हटलं जवळजवळ तसंच, यानेच इथल्या शेतकऱ्यांना बटाटा लावायला लावला असं लोक मानतात. आईने पर्समधून काजूकतलीचा तुकडा काढून कागदावर ठेवला आणि हात जोडले. कुत्र्यांना जवळ घेऊन झोपलेला माणूस वाईट असणार नाही असं तिचं म्हणणं.

आणि मग बाबा हरवले.

म्हणजे हरवले नाहीत, पण आम्ही समाधीपाशी असताना ते खाली उतरून गेले होते. आमची निफाडकडे तीन एकर द्राक्षबाग आहे, बाबांचं आयुष्य त्यात गेलंय. मी त्यांना महाल, राजा, त्याच्याकडे राहिलेला फ्रेंच लेखक व्होल्टेअर असं काय काय सांगत आणलं होतं, पण हे सांगायचं राहिलं होतं की हा सगळा उतार म्हणजे मुळात द्राक्षमळा आहे! १७४४ मध्ये राजाने आधी टेकडीवर द्राक्षासाठी सहा टप्पे पाडले, महालाचं नंतर सुचलं. बघते तर बाबा दुसऱ्या टप्प्यावर हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून वेलाच्या पानाची खालची बाजू बघत उभे. मी गेले तर म्हणाले, "डावणी नाहीये. स्वच्छ ठेवलीय बाग." (डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानावरचा बुरशीचा रोग.)

तिथे आम्ही पाऊण तास होतो. प्रत्येक टप्प्याला विटांची भिंत आहे आणि भिंतीत कोनाडे, कोनाड्यांना काचेची दारं. एका टप्प्यावर २८, सहा टप्प्यांवर मिळून १६८. कोनाड्यात अंजीर, दोन कोनाड्यांच्या मधल्या भिंतीवर ताटी बांधून द्राक्षाचे वेल चढवलेले. पोर्तुगाल, इटली, फ्रान्सवरून वेल आणले होते, काही इथल्याच नॉयरुपिनचे. आणि भिंती सरळ नाहीत, मध्ये आत दबलेल्या आहेत, वाटीसारख्या, तोंड दक्षिणेला. बाबांनी हे माझ्याआधी ओळखलं. विटेला तळवा लावून उभे राहिले, दुपारचे दोन वाजले असतील, म्हणाले, "हात लावून बघ. आपल्याकडे डिसेंबरात पारा चार-पाचवर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो ना आपण, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. यानं भिंतीचीच शेकोटी केलीय." दिवसभर वीट तापते, रात्री तीच ऊब वेलाला देते, थंडी पडली की काचेची दारं लावून घ्यायची. मी या बागेत पाच-सहा वेळा आलेय पण भिंतीला हात लावून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मग म्हणाले, "आपण आता गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) तयारीत, अन् इथं माल उतरायला आला." आणि ओलांडे (वेलाच्या आडव्या फांद्या) मोजायला लागले. आईने मला खूण केली की राहू दे, घाई करू नकोस.

उतरताना पायऱ्या वापरू नका, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उताराचे रस्ते आहेत, त्यांनी सावकाश या. दर टप्प्यावर आडवं जाता येतं, तिथे थांबायचं. खाली आलात की एकदा मागे वळून वर बघा. महालाचा खालचा भाग दिसतच नाही, टप्प्याच्या कडेमागे बुडाल्यासारखा वाटतो. वास्तुरचनाकार क्नोबेल्सडॉर्फ राजाला सांगत होता की खाली जोतं घेऊ, महाल उचलून पुढे कडेला आणू, म्हणजे खालून रुबाबदार दिसेल. राजाने ऐकलं नाही. त्याला खोलीतून पाऊल टाकलं की थेट बागेत यायचं होतं, मध्ये पायऱ्या नको होत्या. दोघांचं यावरून चांगलंच बिनसलं. मला यात राजाचं पटतं. खालून बघणाऱ्यांसाठी त्याने घर बांधलंच नव्हतं, बांधलं होतं ते आतून बाहेर बघायला.

खाली मोठं कारंजं, भोवती संगमरवरी पुतळे, बसायला बाकं. इथे डबा खाल्ला (पोळी, कोरडी मटकी, आईचं लिंबाचं लोणचं). कचरा बरोबर घेऊन या आणि गवतात शिरू नका, रस्ता सोडलेला तिथे चालत नाही.

मग पश्चिमेला सरळ रस्ता आहे, जवळपास दोन किलोमीटर, अगदी सपाट, टोकाला नॉयेस पाले दिसत राहतं. हा रस्ता फसवा आहे, समोर दिसतंय म्हणजे आलंच असं वाटतं आणि कितीही चाललं तरी महाल तेवढाच राहतो. म्हणून मध्ये डावीकडे वळून चिनी मंडप बघून घ्या म्हणजे चाल मोडली जाते. हिरवा सोनेरी, तीन पाकळ्यांचा, खांब म्हणजे सोन्याची ताडाची झाडं, आणि बाहेर माणसाच्या उंचीच्या सोनेरी मूर्ती चहा पितायत, वाद्यं वाजवतायत. कपडे चिनी पण चेहरे नीट बघा, सगळे युरोपातले! कारागिरांनी चीन कधी पाहिलाच नव्हता. आईने तिथे बसून दोन चहा पिणाऱ्यांचे फोटो काढले आणि आमच्या शेजारच्या काकूंना पाठवले.

नॉयेस पाले मोठं आहे, दोनशेवर खोल्या, सात वर्षांचं युद्ध संपल्यावर १७६३ ते १७६९ मध्ये बांधलं, आमच्या तिजोरीत अजून दम आहे हे दाखवायला. आईबाबा तोवर दमले होते, बाहेरूनच बघितलं, कॉफी घेतली आणि बसमध्ये बसलो. तिथून जवळच पार्क सांसूसी नावाचं छोटं रेल्वे स्टेशनही आहे, बर्लिनला थेट गाडी मिळते, दहा मिनिटं चालायची तयारी असेल तर.

विचारा काही राहिलं असेल तर.

---

गोदाकाठ

अगदी योग्य वेळी धागा आला! माझे वडील ऑक्टोबरच्या मध्याला येतायत, ७४ वय, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. भिंतीला हात लावायचं वाचून अंगावर काटा आला, आमचीही पिंपळगावला बाग होती, आता विकली. दोन प्रश्न. एक, मध्येच दमले तर बाहेर पडायला वाट आहे का की शेवटपर्यंत जावंच लागतं? दोन, व्हीलचेअर भाड्याने घेतली तर चालेल का?

---

फिजिओवाली

@गोदाकाठ, मी स्टुटगार्टला याच कामात आहे म्हणून लिहिते. लोकांना वाटतं उतार म्हणजे सोपं, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला उतरताना जास्त त्रास होतो, चढताना दम लागतो पण उतरताना सांध्यावर भार येतो. त्यामुळे पायऱ्या टाळा हे धाग्यातलं अगदी बरोबर आहे, पण बाजूचा उतारही एका दमात करू नका. काठी ज्या पायाचं ऑपरेशन झालंय त्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे तुमच्या वडिलांना उजव्या हातात. खाली बारीक खडी असते, पावसानंतर घसरते, तळाला खाचा असलेले बूटच घाला. चपला, सँडल नको प्लीज. आपल्याकडची वडीलधारी माणसं बूट घालायला तयार नसतात, पण आदल्या दिवशी घरातच घालून फिरायला लावा.

---

श्प्रेकाठची

@फिजिओवाली खूप धन्यवाद, काठीचं मलाही माहीत नव्हतं.

@गोदाकाठ, वाट आहे. महालाच्या मागून जो डांबरी रस्ता जातो तो माऊलबेअरआले, म्हणजे तुतीचा रस्ता (राजाला रेशमाचा उद्योग काढायचा होता, त्यासाठी तुती लावली होती, बाबांना हे ऐकून फार बरं वाटलं, आमच्याकडे काहींनी द्राक्ष काढून तुती लावलीय). ६९५ याच रस्त्यावरून जाते. पण खाली उतरल्यावर परत वर चढून बस गाठणं तुमच्या वडिलांना जड जाईल, त्यापेक्षा खालून गावाच्या दिशेने बाहेर पडणं सोपं.

व्हीलचेअरचं स्पष्ट सांगते, टप्प्यांच्या बाजूचा उतार एकट्याने खुर्ची धरून उतरवायच्या लायकीचा नाही, मी तरी करणार नाही. त्यापेक्षा असं करा, आधी पवनचक्कीपाशी उतरून महालासमोरचा वरचा टप्पा आणि समाधी बघा, तिथून खालची सगळी बाग दिसते. मग परत बसमध्ये बसून नॉयेस पालेला जा आणि तिथून सपाट रस्त्याने चिनी मंडपापर्यंत येऊन मागे फिरा. उतार लागतच नाही.

---

चहाबाज

तिकिटाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बर्लिनच्या तिकिटांचे ए, बी, सी असे झोन आहेत आणि पॉट्सडाम सी झोनमध्ये येतं!! बर्लिनचं रोजचं तिकीट एबी असतं, ते चालत नाही, एबीसी काढायचं किंवा एबी असेल तर सीचं जोडतिकीट. माझ्या काकाकाकूंना मी सकाळी घाईत एबी दिवसाचं तिकीट काढून दिलं आणि मी ऑफिसला गेलो, एस७ लोकलमध्ये शेवटच्या दोन स्टेशनांच्या मध्ये तपासनीस आला, दोघांचे मिळून १२० युरो गेले. पैशाचं सोडा, पण काकूंना वाटलं आपण चोरी केली असं सगळ्या डब्याने बघितलं, त्या दिवशी बागेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझी चूक होती, त्यांना भोगावी लागली. ज्यांच्याकडे डॉइचलांड तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) आहे त्यांना प्रश्न नाही. आणि तिकीट मशीनमधून कागदाचं काढलं असेल तर त्यावर शिक्का मारून घ्या, तेही पाहुण्यांना माहीत नसतं.

---

पेठकर

सुंदर लिहिलंय. मी २०१६ ला एकटा गेलो होतो, मला त्या कारंज्याच्या गोष्टीने पछाडलं होतं, कुणाला रस असेल तर लिहितो.

हे मोठं कारंजं राजाच्या हयातीत कधी धड उडालंच नाही. त्याने उत्तरेच्या टेकडीवर पाण्याची टाकी बांधली, तिच्याभोवती मुद्दाम रोमन भग्न अवशेष उभे केले म्हणून ती रुइनेनबेर्ग. नदीचं पाणी पवनचक्कीने वर चढवायचं आणि तिथून लाकडी नळांनी खाली आणायचं असा बेत. पण लाकडी नळ दाबाला टिकले नाहीत, फुटायचे. वर्षानुवर्षं पैसा ओतला आणि शेवटी नाद सोडला. जगातला सगळ्यात हुशार राजा म्हणवणारा माणूस, ज्याने अर्धा युरोप अंगावर घेतला, त्याला बागेत पाणी उडवता आलं नाही.

पुढे शंभर वर्षांनी १८४२ मध्ये त्याच्या वंशातल्या चौथ्या फ्रेडरिक विल्यमने बर्लिनच्या बोर्झिग कारखान्याचं वाफेचं इंजिन बसवलं, तेव्हा पाणी ३८ मीटर उडालं. ते इंजिनघर अजून आहे, हाफेल नदीच्या काठी, मशिदीसारखं बांधलंय आणि मिनार म्हणजे चिमणी! बागेपासून वेगळं आहे पण गावात चालत जाता येतं.

हे वाचताना मला सारखं पुण्याचं आठवत होतं. याच वर्षांत, १७५० च्या आसपास, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी दगडी भुयारातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, चक्की नाही, निव्वळ उतारावर. तिथे सह्याद्रीचा उतार आयता होता, इथे ब्रांडेनबुर्ग (बर्लिनभोवतीचा प्रदेश) सपाट, त्याला पाणी आधी वर न्यावं लागत होतं, खरी अडचण ती. पण कात्रजच्या त्या नळाचे उसासे (हवा यायजायची तोंडं) आपण बुजू दिले, आणि यांनी न चाललेल्या कारंज्याचासुद्धा इतिहास जपून फलकावर लिहून ठेवलाय, याचं वाईट वाटतं.

---

श्प्रेकाठची

@पेठकर हे बाबांना वाचून दाखवलं, त्यांचं पहिलं वाक्य "लाकडाचा पाइप?? मग जोड कसा देणार?" आता मला तेही शोधायला लावलंय.

---

उत्तरपेठ_ते_उत्तरसमुद्र

बटाट्याबद्दल थोडी दुरुस्ती, राग मानू नका. बटाटा फ्रेडरिकच्या आधीपासून प्रशियात होता, त्याने तो आणला नाही. त्याने २४ मार्च १७५६ ला हुकूम काढून अधिकाऱ्यांना सांगितलं की शेतकऱ्यांना लागवड समजावून द्या आणि ती होतेय का ते बघा. शेताभोवती खोटे पहारेकरी उभे केले आणि लोकांनी चोरून बटाटे नेले ही गोष्ट सगळीकडे सांगतात पण ती दंतकथा आहे.

तशीच दुसरी दंतकथा पवनचक्कीची. चक्कीच्या आवाजाचा राजाला त्रास व्हायचा, त्याने चक्कीवाल्याला सांगितलं विकून टाक नाहीतर अशीच घेईन, तर चक्कीवाला म्हणाला, महाराज, बर्लिनमध्ये न्यायालय आहे ना. इथल्या पोरांना हे शाळेत सांगतात. असं प्रत्यक्षात घडलं नाही, पण मला ही गोष्ट आवडते. आपल्याकडे रामशास्त्र्यांची गोष्ट जशी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात तसंच, लोकांना राजाला अडवणारं कुणीतरी हवं असतं. आत्ताची चक्की ही नवी आहे हेही सांगून टाकतो, जुनी १९४५ मध्ये जळाली, १९९३ ला परत उभी केली. आत जाता येतं, पण जिने अरुंद, आईबाबांना नेऊ नका.

---

सुमी

सगळे बागेबद्दलच बोलताय, महालाच्या आत जायचं की नाही? आम्ही इतक्या लांब मुंबईवरून येऊन बाहेरूनच परत फिरायचं हे माझ्या नवऱ्याला पटणार नाही.

---

श्प्रेकाठची

@सुमी, जा की. सोमवारी महाल बंद असतो तेवढं बघा, आणि तिकिटावर वेळ छापलेली असते, त्या वेळेलाच आत सोडतात, उन्हाळ्यात त्याच दिवशी जाऊन हव्या त्या वेळेचं मिळेल याची खात्री नाही, घरूनच ऑनलाइन काढा. आतली एक खोली मला फार आवडते, तिला व्होल्टेअरची खोली म्हणतात, पिवळ्या भिंतीवर लाकडात कोरलेले रंगीत पक्षी, माकडं, फळं, फुलं, जणू बागच आत आलीय. व्होल्टेअर १७५० ते १७५३ राजाकडे होता, मग भांडून गेला.

पण माझं मत विचाराल तर, आईवडिलांबरोबर एकच दिवस असेल आणि हवा चांगली असेल तर आत घालवू नका. आत उभं राहावं लागतं, रांगेत पुढे सरकावं लागतं, आणि वय झालेल्या माणसाला चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त जड जातं. हे मी दर वेळी बघितलंय.

---

सुमी

हे उभं राहण्याचं अगदी खरं, माझ्या आईचंही तेच. मग आम्ही दोघं आत जातो आणि आईला बाहेर टप्प्यावर बाकावर बसवतो.

---

श्प्रेकाठची

नको गं, एकटीला नको. तुम्ही आळीपाळीने जा.

---

रानवाटा

मी लाइपझिगला वनशास्त्र शिकतोय, गेल्या उन्हाळ्यात या बागेत दोनदा जाऊन आलो म्हणून लिहितो. चालताना वर झाडांच्या शेंड्यांकडे बघा. २०१८ पासून इथे उन्हाळे कोरडे जातायत आणि जुने बीच वृक्ष वरून वाळत खाली येतायत. ब्रांडेनबुर्गची जमीन वाळूची, पाणी धरत नाही. राजवाड्याचं काय, भिंत पडली तर परत बांधता येते, पण दोनशे वर्षांचं झाड परत दोनशे वर्षांनीच मिळतं. सरळ रस्त्याच्या दक्षिणेला जो मोकळा, वळणावळणाचा भाग आहे तो लेने नावाच्या उद्यानकाराने आखलाय, १८१६ ला तो पॉट्सडामला आला आणि पुढची पन्नास वर्षं हेच केलं. झाडांचे पुंजके असे लावलेत की मधूनच लांबचा एखादा घुमट नाहीतर मनोरा दिसावा. आता एखादं झाड पडलं की ती चौकट मोडते. काही ठिकाणी पडलेल्या झाडाच्याच बियांपासून आलेली रोपं कुंपण घालून वाढू देतायत, पाचोळा गोळा न करता मुळाशी राहू देतायत. कुणाला ती अस्वच्छता वाटेल, पण तसं नाही.

@श्प्रेकाठची, वेळ असेल तर पुढच्या वेळी चिनी मंडपावरून तसेच खाली शार्लोटेनहोफकडे जा, छोटंसं घर आहे, १८२६ ते २९ मध्ये वास्तुरचनाकार शिंकेलने बांधलेलं, गर्दी नसते. तोही भाग सपाटच आहे.

---

श्प्रेकाठची

@रानवाटा पाचोळ्याचं वाचून बाबा खूश. त्यांनी पाच वर्षांपासून बागेत आच्छादन सुरू केलंय, काडीकचरा जाळणं बंद, गावात आधी लोक हसायचे.

---

गोदाकाठ

जाऊन आलो! ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि काय झालं ते लिहितो म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

व्हीलचेअर नेली नाही, वडिलांनी साफ नकार दिला. बूट मात्र घातले. वरून सुरू केलं, समाधीपाशी चार बटाटे होते आणि एक पिवळं पान. उतारावर एका टप्प्याला पाच मिनिटं असं घड्याळ लावून थांबलो, अर्ध्या तासात खाली. त्यांना काही त्रास झाला नाही, उलट तिसऱ्या टप्प्यावर मलाच म्हणाले, तू दमलास का.

द्राक्षाची पानं गळायला लागली होती, काही कोनाड्यांची काचेची दारं लावलेली. काचेतून आतलं अंजिराचं झाड दिसत होतं. वडील नाक काचेला लावून बराच वेळ बघत होते, काचेवर श्वासाची वाफ धरली की बाहीने पुसायचे आणि परत बघायचे. आमची बाग विकली त्याला यंदा सहा वर्षं झाली, त्यानंतर त्या विषयावर ते घरात कधी बोललेले नाहीत. परतताना बसमध्ये एकदम म्हणाले, "तुझ्या आजोबांनी पहिले दोनशे वेल लावले तेव्हा खड्डे मी केले होते, मी चौदा वर्षांचा होतो." मग नॉयेस पालेपासून स्टेशनपर्यंत तेच सांगत होते, कुठल्या विहिरीचं पाणी, कुठली काडी कुणाकडून आणली, पहिला माल कुणी नेला. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय.

एक व्यावहारिक गोष्ट, कारंजं चालू होतं पण तिथला माणूस म्हणाला की ऑक्टोबर संपला की बंद होतं आणि थेट एप्रिलमध्ये सुरू होतं. थंडीत संगमरवरी पुतळ्यांवर लाकडी खोकी बसवतात, दंवाने दगड फुटू नये म्हणून, म्हणजे त्या दिवसांत गेलात तर तळ्याभोवती नुसती खोकी दिसतील. पुतळे बघायचे असतील तर एप्रिलनंतरच या.

---

श्प्रेकाठची

@गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद आईबाबांना फोनवर वाचून दाखवला. बाबा काही वेळ गप्प होते, मग म्हणाले त्यांना विचार, पिंपळगावला द्राक्षाची जात थॉमसन होती की सोनाका, आणि मांडव होता का?

---

गोदाकाठ

थॉमसन. दगडी खांबांचा मांडव होता. वडील म्हणतायत तुमच्या बाबांचा नंबर द्या, व्यनि (खासगी निरोप) करतोय.